वन्संची पहिली हाक

लग्नाआधी मी वन्संना पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. तसं त्यांना सगळ्या गावानेच ऐकलं होतं. बस डेपोच्या कर्ण्यांतून जो आवाज यायचा, "फलाट तीनची गाडी सुटतेय, दारात लोंबकळणाऱ्यांनी आत सरकावं, आत जागा आहे, मला इथून दिसतेय", तो माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा, हे लग्न ठरल्यावर कळलं. कॉलेजला जाताना त्या आवाजाच्या धाकाने मी निमूट आत सरकत असे. पुढे एका सकाळी त्याच आवाजाने स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागून विचारलं, "अगं, साखर कुठे हलवलीस?" आणि माझ्या हातातली बशी फुटली. वन्सं शांतपणे केरसुणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "होईल सवय. माझ्या आईला सुद्धा वेळच लागला होता."

आवाजाच्या मानाने बाई एवढीशी. चिमणीचा जीव, नाकावर घसरणारा चष्मा, पायात कायम कापडी बूट. वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांची. तिथे एक लोखंडी पलंग, एक जुना रेडिओ आणि आमच्या गावच्या फुटबॉल संघाची जितकी म्हणून निळी-पांढरी चिंधी असू शकते तितकी. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी मॅच, बाकीच्या दिवशी ड्यूटी. करणार कधी?"

आमच्या गावात मत नसलेला माणूस म्हणजे बाहेरगावचा पाहुणा. मत कशाबद्दल हे सांगायला नकोच. दाताचे डॉक्टर तोंडात यंत्र घालून विचारतात, "हा कोच आता काढायलाच हवा, नाही का?" आणि आपण "आ" केलं की तो होकार धरतात. शाळेच्या फाटकाशी मुलांना घ्यायला आलेल्या आया आदल्या दिवशीच्या पेनल्टीवरून अबोला धरतात. मी या घरात आले तेव्हा मला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आजही नीटसं नाही. पण कोणाला बसवावं आणि कोणाला उतरवावं यावर मीही बटाटे सोलता सोलता बोलू लागले आहे. संगत दुसरं काय.

वन्संचं मात्र नुसतं मत नव्हतं, त्यांच्याकडे मान होता. पूर्वेकडच्या स्टँडची पहिली हाक त्यांची.

हा प्रकार नवख्याला सांगावा लागतो. आमचा संघ मैदानात येतो तेव्हा पूर्वेकडचा स्टँड ओरडत नाही. गप्प असतो. इतका गप्प, की खेळाडूंच्या बुटांचे खिळे बोगद्यातल्या फरशीवर टकटक वाजतात ते वरच्या पायरीपर्यंत ऐकू येतं. समोरच्या संघाला या शांततेचीच भीती वाटते म्हणतात. मग एकच माणूस हाक देतो: "आलो का?" आणि सगळा स्टँड म्हणतो, "आलो!" पुन्हा हाक: "पळणार का?" सगळा स्टँड: "नाही!" त्यानंतर ज्याला जे ओरडायचं ते ओरडा. पण पहिल्या हाकेआधी ब्र काढायचा नाही. हा नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नाही आणि म्हणूनच तो कोणी मोडत नाही.

आधी ही हाक एका बेकरीवाल्या काकांची होती. त्यांचा घसा बसला तो बसलाच. एका मॅचला त्यांनी मागे वळून वन्संच्या खांद्यावर हात ठेवला. बायामाणसांनी कधी हाक दिली नव्हती. कुरकुर झाली. काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्यापैकी ज्याची हाक डेपोच्या पलीकडे ऐकू जाते त्याने पुढे यावं." कोणी आलं नाही. तेव्हापासून मधल्या रांगेतली, जिन्यालगतची जागा वन्संची झाली.

मागच्या वर्षी डेपोत मशीन आलं. आता तिथे एक गोड, गुळगुळीत बाई बोलते. कोणी दारात लोंबकळत असलं तरी तिला त्याचं काही नाही. वन्संना पासांच्या खिडकीवर बसवलं. घरी येऊन त्यांनी बूट काढले आणि एवढंच म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तिचा. बघत मात्र नाही." त्यानंतर त्यांच्या आवाजाला जागा अशी एकच उरली होती. हे मला कळत होतं, आमच्या ह्यांना कळत होतं, आणि पुढे ज्यांनी ती काढून घ्यायचं मनात आणलं त्यांनाही चांगलं कळत होतं.

यंदा संघाचं काही खरं नव्हतं. हरत होतो, बरोबरीत सुटत होतो, पुन्हा हरत होतो. असंच चाललं तर खालच्या गटात जाणार, हे आता शेजारचं मांजरसुद्धा सांगत होतं. मग दोषी कोण? गावाने दोघं निवडले. एक कोच. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते मैदानाच्या कडेला हात मागे बांधून परीक्षेच्या वर्गात फिरल्यासारखे फिरतात. दुसरा बचावाला असलेला, वयाने सगळ्यांत मोठा, अंगाने दांडगा खेळाडू. त्याचं नाव कपाट. लाडका कोण म्हणाल तर भिंगरी, उजवीकडून पळणारा पोरगेला खेळाडू. चेंडू पायात आला की गोल गोल फिरतो, तिघांना चकवतो आणि चौथ्याला देऊन टाकतो. पण दिसतो छान.

आमच्या जेवणाच्या टेबलावर याचीच चर्चा.

"कपाटाला वळायला चौक लागतो," हे म्हणाले.

"बाबा, चौक नाही, मैदान लागतं. आणि तेही रिकामं," माझी लेक म्हणाली. ती कॉलेजात शिकते, आणि आवाज थेट आत्याचा उचललाय.

"आणि मास्तर? तो त्याला दर वेळी खेळवतोच. मेहुणा आहे का त्याचा?"

वन्सं जेवत होत्या. घास संपवून म्हणाल्या, "मास्तर मठ्ठ आहे. भिंगरीला मध्ये आणायला हवा, हे मी घसा सुकेपर्यंत ओरडून सांगितलं. कपाट परवा दोनदा झोपला. आणि भिंगरीला कोणीतरी सांगा, की निळे कपडे घातलेली माणसं आपली असतात."

"म्हणजे तू आमच्याच बाजूची, ताई!"

"मी कोणाच्या बाजूची नाही. मी मॅच बघते."

त्याच आठवड्यात मी त्यांचा विसरलेला डबा द्यायला डेपोत गेले, तर पासांच्या रांगेत साक्षात कपाट उभा. वडिलांचा पास काढायला आला होता. टीव्हीवर दिसतो त्याहून थकलेला. रांगेतली माणसं त्याच्याकडे न बघता त्याला ऐकू जाईल असं बोलत होती.

"काय हो, कपाट एवढं पुढे कसं सरकलं? ढकललं वाटतं कोणी."

"अहो, मॅचमध्ये नाही सरकत. रांगेत सरकतं."

तो जमिनीकडे बघत उभा. खिडकीपाशी आला तसं वन्संनी चष्मा वर केला. मला वाटलं, आता दोन गोड शब्द बोलतील. बोलल्या, "परवा तो नऊ नंबरचा तुझ्या डावीकडून दोनदा गेला. पहिल्यांदा चकवलं, ते समजू शकते. दुसऱ्यांदा काय, निरोप द्यायला उभा होतास?"

कपाट म्हणाला, "चुकलं, ताई."

"चुकलं ते दिसलं. डावा पाय मागे ठेव. वडिलांचा फोटो आणलायस? हा जुना आहे, चालेल. पुढचा."

तो जाताना हसत होता. खरंच हसत होता. रांगेतल्या त्या दोघांना वन्संनी फोटोचा आकार चुकला म्हणून परत पाठवलं. आकार चुकला होता की नाही ते मला विचारू नका.

मॅचच्या दोन दिवस आधी संध्याकाळी अध्यक्ष आमच्या घरी आले. अध्यक्ष म्हणजे पूर्वेकडच्या स्टँडच्या समितीचे. एरवी त्यांचं औषधांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. संघ हरला की त्या रात्री जेवत नाहीत म्हणून त्यांची बायको सांगते. मी चहा ठेवला. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, समितीने ठरवलंय. रविवारी पाठ फिरवायची. सगळ्या स्टँडने. सुरुवातीची दहा मिनिटं मैदानाकडे पाठ. टीव्हीवाल्यांनाही सांगून ठेवलंय."

"कशासाठी?"

"निषेध! मास्तर गेला पाहिजे आणि कपाट बसला पाहिजे. आणि त्या दिवशी पहिली हाक वेगळी. 'मास्तर, घरी जा!' ती तुम्ही द्यायची. तुम्ही दिलीत की स्टँड उठणार. नाहीतर ही माणसं हलत नाहीत, तुम्हाला माहितीय."

वन्संनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "अध्यक्ष, मास्तरला मी दर मॅचला मठ्ठ म्हणते. ऐकलंयत ना?"

"सगळ्यांनी ऐकलंय."

"त्यानेही ऐकलंय. एकदा वळून बघितलंन. मी पुन्हा म्हटलं. शिवी द्यायची तर तोंडावर द्यायची आणि खेळ बघून द्यायची. पाठ फिरवून काय देणार? आणि दहा मिनिटं तुम्ही बघणारच नाही, तर अकराव्या मिनिटाला मत कुठून आणणार?"

"हा सगळ्यांचा निर्णय आहे, ताई."

"सगळ्यांच्यात मी नव्हते."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. त्यांना ते बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं, पण पाठ करून आले होते. "मग पहिली हाक दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. आणि एकदा दिली की दिली. जिन्यालगतची जागाही हाक देणाऱ्याची असते."

स्वयंपाकघराच्या दारात मी ओला हात पदराला पुसत तशीच उभी राहिले. वन्संनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोणाला देणार?"

अध्यक्षांनी नजर उचलून माझ्या लेकीकडे पाहिलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. "आवाज घरातलाच आहे," ते म्हणाले. "मान घरातच राहील."

लेकीचे कान लाल झाले. मला तिच्या तोंडावर दोन्ही दिसलं, लाजही आणि हौसही. हे लगेच म्हणाले, "ताई, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. दे की. उगीच हातचं घालवतेस."

"तू गप्प रे," वन्सं म्हणाल्या. मग लेकीकडे वळून, "तुला द्यावीशी वाटते?"

"आत्या, मला खरंच वाटतं, मास्तर जायला हवा."

"मग दे. आवाज पोटातून काढ, गळ्यातून काढलास तर मध्यंतरालाच बसेल." आणि अध्यक्षांना, "चहा निवतोय तुमचा."

रविवारी मीही गेले. ऊन आणि ओरडा दोन्ही मला सोसत नाही, पण त्या दिवशी वन्संना एकटं सोडवेना. जिन्यालगतच्या जागेवर लेक कर्णा घेऊन बसली होती. वन्संनी तिच्या मागच्या रांगेत आपली बसायची गादी टाकली. लोक नमस्कार करत होते आणि चटकन नजर काढून घेत होते.

संघ आले. बुटांची टकटक ऐकू आली. नेहमीची ती शांतता पसरली आणि मग माझ्या पोरीने हाक दिली. "मास्तर, घरी जा!" आईच्या नात्याने सांगते, हाक खणखणीत होती. स्टँडने उचलली. आणि मग सगळे उठून वळले. सिमेंटवर इतके बूट एकदम घासले, की जात्याची घरघर व्हावी तसा आवाज झाला.

वन्सं वळल्या नाहीत. पण पुढचे सगळे उभे, त्यांना काही दिसेना. तेव्हा त्या गादी सरकवून सरळ बाकड्यावर चढल्या. मी घाबरून त्यांचं कोपर धरलं. आता चित्र असं: आमच्या खालच्या सगळ्या रांगा मैदानाकडे पाठ करून वर तोंड करून उभ्या, आणि त्या सगळ्यांच्या नजरेसमोर, बाकड्यावर, एकटी वन्सं. शेकडो माणसं आणि बघायला एकच चेहरा.

शिट्टी झाली. मला खेळ दिसत नव्हता. त्या पडू नयेत म्हणून मी त्यांच्याकडेच बघत होते. पण मॅच मला त्यांच्या कोपरातून कळत होती. कोपर सैल पडलं की चेंडू पलीकडे. आवळलं की आपल्या गोलपाशी. आणि खाली उभ्या माणसांचं काय झालं सांगू? ती सगळी वन्संचा चेहरा वाचायला लागली. त्यांची भुवई वर गेली की पुढच्या चार रांगांच्या भुवया वर. त्यांनी जीभ चावली की कोणीतरी "अरे अरे" करायचं. शेंगदाणे खाणारा एक जाड्या न राहवून म्हणाला, "ताई, काय चाललंय?"

"निषेध चाललाय," वन्सं म्हणाल्या. नजर मैदानावरच.

मग कोपर एकदम दगडासारखं झालं. वन्संचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. समोरच्या टोकाला, पाहुण्या संघाची माणसं बसतात तिथे, एकच जल्लोष उठला.

गोल. आमच्यावर.

माना वळायला लागल्या, आणि त्या क्षणी कर्ण्याशिवाय, मशीनशिवाय, तो डेपोचा आवाज पूर्वेकडच्या स्टँडवर कोसळला. "खबरदार कोणी वळलं तर! दहा मिनिटं ठरलीत ना? अजून व्हायचीत. साऱ्या गावाला सांगून बसलात, आता निभवा!"

आणि लोक खरंच थांबले! इतकी वर्षं त्या आवाजाने त्यांना गाडीत सरकवलं होतं, फलाटावरून हटवलं होतं. अर्धवट वळलेल्या माना जागच्या जागी राहिल्या.

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद. "ताई, गोल झाला!"

"झाला."

"कोणामुळे? कपाटच ना?"

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही बघितलंत ना?"

"मी बघितलं. तुम्ही नाही."

"भिंगरीने तर नाही ना घालवला चेंडू?" दुसरा कोणी.

"असेल. मास्तर असेल. गोली असेल. गवत असेल."

"अहो, सांगा की! काय हा अडेलतट्टूपणा!"

"ज्याने पाहिलं नाही त्याला कोणाचंही नाव चालतं," वन्सं म्हणाल्या. "मग माझ्याकडून कशाला हवंय? घ्या जे आवडेल ते."

शिट्ट्या झाल्या, कोणीतरी "खाली उतर, म्हातारे!" म्हणालं. मी कोपर घट्ट धरून ठेवलं. लेकीने कर्णा खाली केला होता. रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, मला तरी सांग ना."

"तुला डोळे आहेत. वळायचं तर वळ, नाही तर नको वळूस. मला विचारू नकोस."

लेक मग वळली. तिने कर्णा मांडीवर उपडा घातला आणि मैदानाकडे बघत बसली. तिच्यामागून दोघं वळले, मग दहा, आणि दहा मिनिटं व्हायच्या आत निषेध संपला. त्या दिवशी आम्ही त्याच एका गोलने हरलो.

पण खरी गंमत पुढेच होती. घरोघरी लोकांनी टीव्ही लावले, फोन उघडले. गोल कसा झाला, चूक कोणाची, हे एकदाचं बघून घ्यावं म्हणून. तर टीव्हीवर काय? आमच्याच पाठी! अध्यक्षांनी सांगून ठेवल्याप्रमाणे कॅमेरा नेमका त्या वेळी पूर्वेकडच्या स्टँडवर होता. पाठ फिरवलेली शेकडो माणसं आणि मध्ये बाकड्यावर एक चिमणीएवढी बाई. कॅमेरा वळेपर्यंत चेंडू जाळीत. समोरच्या स्टँडवाल्यांनी पाहिलं होतं, पण त्यांच्यातले तिघं तीन नावं घेत होते, आणि तसंही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा आमचा स्टँड पुन्हा एक गोल खाईल.

तेव्हा गावभर एकच प्रश्न झाला आणि त्याचं उत्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहत होतं. भाजी घेताना, रांगेत, जिन्यात, माणसं मला गाठायची. "वहिनी, काढा ना त्यांच्याकडून." मी म्हणायची, "मला साखर कुठे ठेवली ते त्या विचारतात, एवढाच आमचा संबंध."

मंगळवारी दुपारी समितीने त्यांना औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बोलावलं. मी सोबत गेले. खोक्यांवर चार जण बसले होते. अध्यक्षांनी वन्संना एकुलती एक खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, मागचं विसरू. तुम्ही फक्त सांगा, की चूक कपाटाची होती. समिती तसं जाहीर करेल, मास्तरला त्याला बसवावंच लागेल, आणि पहिली हाक पुन्हा तुमची. जागाही."

"आणि त्याची नसली तर?"

खोक्यांवरचे एकमेकांकडे बघू लागले. "नव्हती का?"

"मी कुठे म्हटलं?"

"ताई, तुम्ही सगळ्यांना वेठीला धरलंय!"

"मी एकाही माणसाचं मुंडकं धरून फिरवलं नाही. तुम्ही आपणहून फिरलात." वन्सं उठल्या. "चूक ज्याची होती त्याला मी काल सांगून आले. सरावाच्या मैदानावर जाऊन, तोंडावर, नाव घेऊन. चांगली पंधरा मिनिटं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. संपलं ते."

"मग हाक गेली तुमची, असं समजा," अध्यक्ष म्हणाले. आवाज चढला नव्हता, पडला होता.

परत येताना वन्सं घराच्या कोपऱ्यावर थांबल्या, बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि वाकलेल्याच म्हणाल्या, "डेपोत मशीन आलं तेव्हा मी काही बोलले नाही. मशीनशी काय भांडणार? ही माणसं आहेत गं. यांच्याशी भांडता येतं." उठल्या तेव्हा डोळे ओले होते, पण चाल तीच, फलाटावरून चालल्यासारखी.

समितीने लेकीला पुन्हा विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं. जेवताना म्हणाली, "मला अजूनही वाटतं मास्तर जायला हवा. पण मी ओरडत होते आणि गोल झाला, आणि मला कळलंसुद्धा नाही. फार विचित्र वाटलं." वन्संनी तिच्या ताटात वाढलं. ह्यांनी मात्र संधी साधली, "ताई, आपण घरातलेच आहोत. आम्हाला तरी..." "तू जेव," वन्सं म्हणाल्या.

पुढची घरची मॅच आली. जिन्यालगतच्या जागेवर अध्यक्ष स्वतः कर्णा घेऊन उभे होते. मास्तर होते, हात मागे. कपाट होता, भिंगरी होता. कोणालाच कोणी काढलं नव्हतं. मागच्या सामन्यातून कोणाला काय कळलं होतं, की काढणार? आम्ही मागच्याच रांगेत. बुटांची टकटक आली. शांतता पसरली. अध्यक्षांनी कर्णा तोंडाला लावला आणि घसा साफ केला.

त्या घसा साफ करण्याच्या फटीत वन्सं उठल्या.

"गोली! झोप झाली का?"

स्टँड दचकला. हे नियमात नव्हतं. कुठूनतरी एक जण फिसकन हसला आणि म्हणाला, "झाली!"

"भिंगरी! चेंडू तुझ्या बापाने घेऊन दिलेला नाही, दुसऱ्यालाही दे!"

"दे!" आता बरेच जण. भिंगरीचे लाड करणारेसुद्धा.

"ताई, तुमचा हक्क नाही!" अध्यक्ष कर्ण्यातूनच म्हणाले, त्यामुळे ते साऱ्या मैदानाने ऐकलं.

"हक्क काढलात, घसा काढलाय का?" वन्संनी श्वास घेतला. "कपाट! वळायचं असेल तर आधी सांग, आम्ही सरकून बसतो!"

हशा उसळला. मैदानात तो दांडगा माणूस मान खाली घालून हसू लपवत होता.

"आणि मास्तर! डोकं घरी राहिलं असेल तर जाऊन घेऊन या. पण परत या! मॅच अजून व्हायची आहे!"

वरच्या रांगांनी "घरी जा!" लावून धरलं. त्यांचं मत त्यांचं. ते बदललं नव्हतं आणि वन्संनी ते बदलायचा प्रयत्नही केला नव्हता. अध्यक्ष कर्ण्यातून एक ओरडत होते, वन्सं कर्ण्याशिवाय दुसरं. "आलो का?" त्यांनी विचारलं. अर्ध्या स्टँडने उत्तर दिलं. माझी लेक दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती. आणि माझ्याही गळ्यातून काहीतरी निघालं. कसलं ते मला ओळखू आलं नाही, कारण मी यापूर्वी घराबाहेर कधी ओरडलेच नव्हते.

समितीने अजून हाक परत दिलेली नाही. दर मॅचला आता दोन हाका होतात, आधी कोण देतो यावर पैजा लागतात, आणि अध्यक्ष लवकर येतात, तेही घसा घरूनच साफ करून. आम्ही तळाशी आहोत ते आहोतच. मला विचाराल तर मास्तर खरोखरच मठ्ठ आहे.

पहिल्यांदा दोन हाका झाल्या त्या दिवशी खेळ सुरू व्हायची शिट्टी झाली, तेव्हा मी अजून वन्संकडेच बघत होते. कपाळावर घाम, चष्मा नाकाच्या टोकावर, घसा बसलेला. वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. वन्संनी बसता बसता मला कोपराने ढोसलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? चेंडू तिकडे आहे."